सोलापूरच्या उन्हाळ्यात अ‍ॅक्सोलॉटल: एका टाकीचे प्रकरण

एप्रिलचा पहिला आठवडा, दुपारचे साडेतीन. जुळे सोलापुरातले तीन मजली घर, त्याचा सगळ्यात वरचा मजला, डोक्यावर थेट स्लॅब. हॉलमधल्या दोन फुटी काचेच्या टाकीत पाणी ३१ अंश सेल्सिअस, अमोनिया लिटरला १ मिलिग्रॅम, नायट्राइट अर्धा मिलिग्रॅम, पीएच ८.२. टाकीत एकच प्राणी, पांढरट गुलाबी रंगाचा, १७ सेंटिमीटर लांबीचा अ‍ॅक्सोलॉटल. एरवी हा प्राणी तळाशी बसून असतो. हा मात्र पृष्ठभागाजवळ तिरका तरंगत होता. कल्ले पुढे वळलेले, डावीकडच्या दोन कल्ल्यांवर कापसासारखी बुरशी, शेपटीचे टोक आकड्यासारखे वाकलेले. नऊ दिवस त्याने काही खाल्ले नव्हते.

प्राणी डिसेंबरात आणलेला होता. घरातल्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने तो हौसेने आणला. २०२१ मध्ये एका लोकप्रिय संगणक खेळात अ‍ॅक्सोलॉटल आल्यापासून मुलांना तो ओळखीचा झाला आहे, आणि मत्स्यालयाच्या दुकानांत तो ‘चालणारा मासा’ म्हणून विकला जातो. दुकानदाराने सांगितले, माशासारखीच काळजी घ्या, पाणी थंड राहिले की झाले. डिसेंबर-जानेवारीत टाकीचे पाणी रात्री १९-२० आणि दुपारी २२ असे. प्राणी खात होता, वाढत होता. या थंडीच्या महिन्यांनीच घरच्यांची फसगत केली. सोलापूरची थंडी ही या प्राण्याला जेमतेम सोसणारी असते. ती इथली रोजची हवा नव्हे.

हा मासा नव्हे. बेडकासारखाच तो उभयचर, पण सॅलॅमँडर गटातला, म्हणजे शेपटी आयुष्यभर राखणारा. शास्त्रीय नाव अँबिस्टोमा मेक्सिकॅनम. मूळ घर मेक्सिको सिटीलगतची सोचिमिल्को आणि चाल्को ही तळी, समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर. चाल्को उपसून संपवले गेले. सोचिमिल्कोचे आता कालवेच उरले आहेत. तिथल्या पाहणीत १९९८ मध्ये चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० अ‍ॅक्सोलॉटल असल्याचा अंदाज होता, २०१४ मध्ये ३६. प्रयोगशाळांत आणि घरांत जे हजारोंनी आहेत ते पिढ्यानपिढ्या बंदिवासात वाढलेले, त्यातले कित्येक १८६४ मध्ये पॅरिसला नेलेल्या ३४ प्राण्यांच्या वंशातले. बंदिवासाने त्यांचा रंग बदलला, तापमानाची गरज बदलली नाही.

या प्राण्याचे भाऊबंद पाहिले की ती गरज नीट कळते. मेक्सिको सिटीभोवतीच्या डोंगरांत, आणखी वर, थंड झऱ्या-ओढ्यांत अँबिस्टोमा अल्तामिरानी राहतो. पायरेनीज पर्वतातल्या ओढ्यांत राहणाऱ्या कॅलोट्रायटन अ‍ॅस्परची फुप्फुसे अगदी खुरटलेली असतात. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याकडच्या डोंगरी झऱ्यांतल्या रायकोट्रायटन सॅलॅमँडरांचीही तीच गत. कारण सरळ आहे. थंड, खळाळत्या पाण्यात प्राणवायू भरपूर असतो, तो ओल्या कातडीतूनच शरीरात जातो. उलट फुप्फुसात हवा भरली की अंग हलके होऊन प्रवाहाबरोबर वाहून जाण्याची भीती. म्हणून ओढ्याच्या सॅलॅमँडरांनी फुप्फुस जवळपास सोडूनच दिले. अ‍ॅक्सोलॉटल संथ तळ्याचा, त्याने मोठे पिसासारखे कल्ले राखले आणि फुप्फुसेही ठेवली. वर येऊन हवेचा घोट घेता येतो, पण थंडीवरचे अवलंबन दोघांचेही सारखेच. १६ ते १८ अंश त्याला मानवतात, २० पर्यंत चालते, २४ च्या वर दिवसचे दिवस राहिला तर आजारी पडतोच.

भारतात सॅलॅमँडर म्हटले की हिमालय. दार्जिलिंगच्या टेकड्यांतला टायलोटोट्रायटन हिमालयॅनस २०१५ मध्ये स्वतंत्र जात म्हणून नोंदला गेला. तो संरक्षित आहे, पाळता येत नाही. महाराष्ट्रात एकही सॅलॅमँडर नाही. सह्याद्रीत सापडणारे देवगांडूळ हा उभयचरांचाच, पण वेगळा गट.

आता टाकीकडे. मार्चच्या मध्यापासून घरच्यांनी तीन उपाय केले. तिन्ही प्रेमापोटी केले, आणि तिन्हींनी प्राणी आणखी खचला. प्रत्येकाचे कारण वेगळे आहे आणि हीच चूक दहा घरांत होते, म्हणून ते सविस्तर देतो.

पहिला उपाय दुसरा एअर पंप. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो हे बरोबर आहे. समुद्रसपाटीला २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ९.१ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांच्या पाण्यात ७.६. पण हिशेब इथे संपत नाही. सोचिमिल्कोच्या उंचीवर हवेचा दाबच कमी, त्यामुळे तिथे २० अंशांच्या पाण्यातही जास्तीत जास्त ७ मिलिग्रॅमच मावतो. सोलापूर साधारण ४६० मीटरवर आहे. इथे ३० अंशांच्या पाण्यात ७.१ मावतो. म्हणजे भरपूर बुडबुडे सोडलेल्या सोलापूरच्या कोमट टाकीत आणि त्याच्या मूळ तळ्यात प्राणवायूचा फरक जवळपास नाही. प्राणी गुदमरतो तो पुरवठा कमी झाल्यामुळे नव्हे, त्याची मागणी वाढल्यामुळे. पाणी १० अंशांनी तापले की थंड रक्ताच्या प्राण्याच्या शरीरातला जळण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. हृदय, पचन, मलमूत्र सगळेच पळू लागते, आणि तितके खाणे त्याच्याने होत नाही. पंप वाढवून ही मागणी कमी होत नाही. झाले एवढेच, की दोन पंपांनी टाकीत प्रवाह तयार झाला. संथ पाण्याच्या या प्राण्याला तो सहन होत नाही, कल्ले पुढे वळणे हे त्याचेच पहिले चिन्ह. शिवाय पंप खोलीची हवाच आत ओढतो. त्या हॉलमध्ये संध्याकाळी डासांची अगरबत्ती लागत असे. तिच्यातले पायरेथ्रॉइड हे कीटकनाशक मासे आणि उभयचर दोघांनाही विषारी.

दुसरा उपाय बर्फाचा. आजींनी सांगितले, “अगं, मुकं जनावर ते, बर्फ तरी टाक की त्यात.” मग दिवसातून दोनदा ट्रे भरून बर्फाचे खडे थेट पाण्यात. त्याचा हिशेब असा. टाकी ६० बाय ३० सेंटिमीटर, पाण्याची उंची ३०, म्हणजे ५४ लिटर. एवढे पाणी एक अंशाने उतरवायला २२६ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. फ्रीजरमधला एक लिटर बर्फ वितळून २० अंशांवर येईपर्यंत सुमारे ४४० किलोज्यूल ओढतो. म्हणजे लिटरभर बर्फाने टाकी जेमतेम दोन अंश उतरते. आता दुसरी बाजू. बाहेर खोली ३६ अंश आणि पाणी २० असेल तर उघड्या काचेच्या एवढ्या टाकीत दर तासाला २८० किलोज्यूलच्या आसपास उष्णता शिरते, म्हणजे तासाला सव्वा अंश. लिटरभर बर्फाची कमाई दीड तासात संपते. दिवसभर थंड ठेवायचे तर चौदा-पंधरा बाटल्या लागतील, त्याही रात्री उठून बदलायच्या. घरच्यांनी दोनदा बर्फ टाकला, म्हणजे पाणी २८ वरून २५, पुन्हा २८, पुन्हा २५. हे हेलकावे एकसारख्या २७ अंशांपेक्षा वाईट. त्यात बर्फ नळाच्या पाण्याचा, क्लोरीनसकट.

तिसरा उपाय स्वच्छतेचा. घरच्यांना वाटले पाणी खराब झाले, म्हणून नळाला पाणी आले त्या दिवशी स्पंज फिल्टर धारेखाली खसखसून धुतला. प्राण्याच्या मलमूत्रातून निघणाऱ्या अमोनियाला नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू त्या स्पंजातच राहतात. ताज्या क्लोरीनयुक्त पाण्याने त्यातले बहुतेक मेले. दोन दिवसांत अमोनिया वर आला. आणि अमोनियाचे विष तापमानाबरोबर वाढते. चाचणीत दिसणाऱ्या एकूण अमोनियापैकी पीएच ८.२ ला १८ अंशांवर सुमारे ५ टक्के विषारी रूपात असतो, ३१ अंशांवर १२ टक्के. चाचणीचा रंग तोच, मार अडीच पट. स्पंज नेहमी टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, बादलीत, हलक्या हाताने पिळायचा. या टाकीत ही एक चूक झाली नसती तर प्राणी कदाचित एप्रिल अखेरपर्यंत तग धरून राहिला असता.

खाण्याचे थोडक्यात. गांडूळ हे त्याचे उत्तम अन्न, पण घरच्यांनी गांडूळखताच्या बेडमधली लाल गांडुळे दिली. ती डिवचली की कडवट पिवळा द्रव सोडतात, बरेच अ‍ॅक्सोलॉटल ती थुंकून टाकतात. शेतातली साधी गांडुळे, कीटकनाशक न मारलेल्या जागेतली, धुऊन द्यावीत. नाकारल्यावर चिकनचे तुकडे दिले गेले, ते तळाशी कुजले. तळाला रंगीत खडे होते, तेही काढायला हवेत. हा प्राणी तोंड उघडून समोरचे सगळे आत ओढतो, खडा आत गेला की आतडे तुंबते. तळ मोकळा ठेवावा किंवा शहाबादी फरशीचा तुकडा घालावा. ती चुनखडीची असली तरी पीएच ८ च्या पाण्यात जवळपास विरघळत नाही, आणि थोडे जड, म्हणजे क्षारयुक्त, पाणी याला आवडतेच.

उपचार

पहिले काम प्राण्याला टाकीतून काढण्याचे. आठ लिटरचा झाकणाचा प्लास्टिक टब घेतला, नवा, साबण न लागलेला. झाकणाला सुईने पंधरा-वीस भोके. पाणी नळाचेच, पण पिंपात साठवून, क्लोरीन मारणारे थेंब घालून. ज्या थेंबांत कोरफड असते ते उभयचरांना वापरायचे नाहीत, बाटली वाचून घ्यावी. तांब्याच्या हंड्यातले पाणी तर मुळीच नाही, तांबे यांच्या कातडीतून शिरते. याच कारणाने दुकानातली तांबेयुक्त बुरशीनाशके आणि मॅलाकाइट ग्रीन बाजूला ठेवली.

प्राणी जाळीने उचलला नाही, जाळीत कल्ल्यांचे धागे अडकतात. टब पाण्यात बुडवून त्याला हळूच आत घेतले. मग तापमान. ३१ अंशांवरून थेट फ्रीजमध्ये ठेवले असते तर धक्क्याने दगावला असता. टबाला बाहेरून गार बाटल्या टेकवून पहिल्या चार तासांत २६, रात्रीपर्यंत २२, सकाळी १८. दुसऱ्या दिवशी दुपारी टब फ्रीजच्या मधल्या कप्प्यात, खाली जाड सोलापुरी टॉवेलची घडी घालून, म्हणजे गारवा सावकाश चढेल. संध्याकाळपर्यंत ८ अंश. फ्रीजचा आकडा असा लावला की पाणी ५ च्या खाली जाणार नाही.

थंडी इथे औषधाचे काम करते. बुरशीची वाढ मंदावते, प्राण्याची भूक-तहान मंदावते, अमोनिया कमी निघतो, पोटात कुजू पाहणारे अन्न कुजायचे थांबते. रोज सकाळी टबातले सगळे पाणी बदलायचे, नवे पाणी आदल्या दिवसापासून त्याच फ्रीजमध्ये गार करून ठेवलेले. एकही दिवस चुकवता येत नाही, कारण टबात फिल्टर नसतो.

बुरशीला मिठाचे पाणी. साधे पॅकेटचे मीठ आयोडीनयुक्त असते, ते नको. पाकिटावर ‘आयोडीनविरहित’ लिहिलेले जाडे मीठ आणले. एक लिटर गार पाण्यात दोन सपाट चहाचे चमचे, म्हणजे साधारण १२ ग्रॅम. त्यात दहा मिनिटे, सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. पंधरा मिनिटांच्या वर गेले तर कल्ल्यांना इजा होते, म्हणून घड्याळ समोर ठेवून. मिठाचे पाणी टबाइतकेच गार असले पाहिजे, इथे बरेच जण चुकतात. पाच दिवसांनी मीठ बंद करून देशी बदामाचे एक वाळलेले पान टबात ठेवले. सोलापुरात हे झाड शाळांच्या आवारात, रस्त्याकडेला भरपूर. पान धुऊन, उकळत्या पाण्यातून काढून घ्यायचे. त्यातले टॅनिन कातडीवर हलका लेप धरते.

सहाव्या दिवशी कापूस गळून गेला. त्याखालचे कल्ल्यांचे धागे झडलेले होते, नुसती देठे उरली. याची चिंता करू नये, हा प्राणी पाय, शेपटी, कल्ले नव्याने वाढवतो. तरंगणे आठव्या दिवशी थांबले. अकराव्या दिवशी त्याने अर्धे गांडूळ घेतले. थंडीत पचन अगदी सावकाश चालते, म्हणून चार दिवसांत एकदा अर्धे, त्यापेक्षा जास्त नाही. फ्रीजमध्ये तो एकूण २६ दिवस राहिला. एवढा काळ नवी टाकी तयार व्हायला लागला.

इथे थंडी साठवलेली नाही

कायमच्या व्यवस्थेचा विचार करताना आधी घरच्यांनी विहिरीच्या पाण्याची कल्पना काढली. वाडीतल्या विहिरीचे पाणी हाताला गार लागते, ते टँकरने आणून भरले तर? जमिनीखालचे पाणी त्या गावच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाच्या जवळ असते. सोलापूरची सरासरी २७ अंशांच्या आसपास. बाहेर ४२ असताना २७ अंश गार लागतेच, पण अ‍ॅक्सोलॉटलला ते तापासारखे. महाबळेश्वरी किंवा दार्जिलिंगला जी थंडी जमिनीत, झऱ्यात, भिंतीत मुरलेली असते ती इथे कुठेच नाही. सोलापुरात थंडी तयारच करावी लागते, रोज, यंत्राने.

त्यानंतर पंख्याचा मार्ग. माठ जसा गार होतो तसे पृष्ठभागावर पंखा मारून टाकी गार करता येते. एक लिटर पाणी वाफ होऊन गेले की साडेपाच लिटर बर्फाइतकी उष्णता घेऊन जाते, म्हणजे हा मार्ग बर्फापेक्षा कितीतरी स्वस्त. पण त्याला मर्यादा आहे. खोलीत ३६ अंश आणि आर्द्रता ३० टक्के असेल तर बाष्पीभवनाने पाणी अगदी आदर्श स्थितीतही २३ अंशांच्या खाली जाऊ शकत नाही. प्रत्यक्षात २६-२७ ला अडते. टाकीभोवती ओला टॉवेल गुंडाळून त्याचे टोक परातीत बुडवले तर आणखी अर्धा-एक अंश. आणि पाऊस आला की उलटेच होते. जूनअखेरीस हवा ३२ अंशांवर येते, पण आर्द्रता ६५ टक्के झाली की हीच मर्यादा २६.६ वर चढते. ‘पाऊस पडला, आता सुटलो’ असे समजून जूनमध्ये प्राणी गमावणारे बरेच.

पंखा खरा कामी येतो तो एसीच्या खोलीत. २५ अंश आणि ४५ टक्के आर्द्रता राखलेल्या खोलीत ती मर्यादा १७ च्या आसपास येते, आणि छोट्या पंख्याने पाणी २०-२१ वर राहते. एसी मात्र मार्च ते जून दिवसरात्र चालला पाहिजे. या घरात ते शक्य नव्हते. उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचे पाणी भरायचे. बोअरचे भरत राहिले तर क्षार मागेच राहतात आणि पाणी महिन्याभरात जड होत जाते.

पेल्टियर तत्त्वावरचे, म्हणजे कॉम्प्रेसरशिवाय थेट विजेने गारवा देणारे, छोटे कूलर ऑनलाइन स्वस्तात मिळतात. त्यांची ताकद २०-३० वॅट उष्णता ओढण्याइतकी. या टाकीत शिरणारी उष्णता ७५ वॅटच्या वर. ते घेऊ नयेत. जुन्या फ्रीजमधून नळीचे वेटोळे फिरवण्याचा जुगाडही टिकत नाही, घरगुती फ्रीजचा कॉम्प्रेसर अखंड ओझ्यासाठी बनवलेला नसतो.

म्हणून शेवटी कॉम्प्रेसरचा चिलर, म्हणजे टाकीचे पाणी गार करणारे यंत्र, १/१० अश्वशक्तीचा. पण त्याआधी टाकी बदलली, जागा बदलली आणि थर्माकोल लावला. या क्रमाला महत्त्व आहे. नवी टाकी ९० बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटर, प्रत्यक्ष पाणी सुमारे १५० लिटर. जागा तळमजल्यावरची उत्तरेकडची कोठीची खोली, मे महिन्यातही दुपारी ३४-३५ च्या वर न जाणारी. मागे, दोन्ही बाजूंना, तळाखाली आणि झाकणावर २५ मिलिमीटर थर्माकोल, फक्त पुढची काच उघडी. उघड्या काचेने ही टाकी १८ अंशांवर ठेवायची तर खोली ३६ झाली की १८७ वॅट उष्णता सतत बाहेर काढावी लागते. थर्माकोल लावल्यावर ६७ वॅट. पहिल्या स्थितीत हा चिलर दिवसभर न थांबता चालतो आणि भर दुपारी हार खातो. दुसऱ्या स्थितीत थांबून थांबून चालतो. वीज गेली तरी थर्माकोलच्या १५० लिटर टाकीत तासाला चाळीस शतांश अंशच चढतात, म्हणजे चार तासांच्या खंडात दीड अंश. जुन्या दोन फुटी टाकीत त्याच चार तासांत चार अंशांहून अधिक चढले असते. थर्माकोलचे सगळे पत्रे मिळून चिलरच्या किमतीच्या तुलनेत काहीच नाहीत, आणि ते न लावता चिलर घेणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे.

फिल्टरचे जिवाणू नव्याने जमवताना एक गोष्ट उन्हाळ्याने सोपी केली. हे जिवाणू २८-३० अंशांत झपाट्याने वाढतात. म्हणून चिलर बंद ठेवून, जुन्या स्पंजाचा तुकडा नव्या फिल्टरमध्ये टाकून, प्रयोगशाळेच्या दर्जाचा अमोनियम क्लोराइड, म्हणजे शुद्ध नवसागर, १५० लिटरला १ ग्रॅम घातला. त्याने अमोनिया लिटरला साधारण २ मिलिग्रॅम होतो. किराणा दुकानातला नवसागर नको, त्यात काय मिसळले आहे सांगता येत नाही. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी हा डोस चोवीस तासांत शून्यावर येऊ लागला. त्यानंतर चिलर लावून पाणी दोन दिवसांत १७ वर आणले, टबातल्या प्राण्याला दिवसभरात ८ वरून १७ पर्यंत चढवले आणि मग सोडले. आधी गार करून मग जिवाणू जमवायला गेले असते तर दुप्पट वेळ लागला असता.

जूनमधली अडचण

पहिल्या पावसानंतर दोन गोष्टी घडल्या. चिलर लाकडी स्टँडच्या बंद कप्प्यात ठेवलेला होता. त्याने सोडलेली गरम हवा त्यालाच परत मिळत होती, वर जाळीवर धूळ बसलेली. तो तापून वारंवार बंद पडू लागला, पाणी २१ वर गेले. कप्प्याचे मागचे पाट काढून टाकले, चिलर भिंतीपासून वीतभर पुढे आणला, जाळी दर पंधरा दिवसांनी ब्रशने साफ करण्याचे ठरले. दुसरी गोष्ट पुढच्या काचेची. आत १७ अंश, बाहेर दमट हवा, काचेवर थेंब जमून खाली ओघळत आणि प्लायवूड फुगू लागले. त्यावर पुढच्या काचेसमोर दीड सेंटिमीटर अंतर सोडून अ‍ॅक्रिलिकचा पारदर्शक पत्रा चारी कडांनी सिलिकॉनने बंद केला. घाम थांबला, आणि उष्णतेची शेवटची मोठी वाटही अरुंद झाली.

कागदपत्रांचे राहिले होते. अ‍ॅक्सोलॉटल साइट्स या वन्य प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रजाती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत येतात. २०२४ च्या नियमांनुसार असा जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची असते, पिल्ले झाली किंवा दुसऱ्याला दिला तरी कळवायचे असते. दुकानदार याबद्दल क्वचितच बोलतात. मादी एका वेळी शेकड्यांनी अंडी घालते, तेव्हा जोडी ठेवण्याआधी याचा विचार हवा.

घरात एकदा असाही विषय निघाला होता, की नाहीच जमले तर सिद्धेश्वर तलावात किंवा हिप्परग्याच्या तलावात सोडून देऊ. हे कधीही करू नये. तिथल्या पाण्यात तो आठवडाभरही जगणार नाही, पण त्याच्या अंगावर कायट्रिड ही उभयचरांना मारणारी बुरशी असली तर ती पाण्यात राहून इथल्या बेडकांना लागू शकते. इथले उभयचर उन्हाळ्याला वेगळ्या रीतीने तोंड देतात. बिळात राहणारा गोटीसारखा बेडूक आणि पावसाच्या पहिल्या सरीला पिवळाधमक होऊन डराव डराव करणारा बैलबेडूक, दोघेही उन्हाळा मातीत पुरून घेऊन झोपून काढतात. ज्यांच्याजवळ ही युक्ती आहे त्यांच्यावर बाहेरचा रोग लादण्याचा आपल्याला अधिकार नाही. टाकीचे काढलेले पाणीसुद्धा ओढ्यात किंवा तलावाकडे जाणाऱ्या गटारात न ओतता घरातल्या सांडपाण्यात टाकावे.

आमचे मत स्पष्ट आहे. चिलर, थर्माकोल आणि तळमजल्याची खोली यांची सोय आधी झाल्याशिवाय सोलापुरात अ‍ॅक्सोलॉटल आणू नये, डिसेंबरात तर मुळीच नाही, कारण डिसेंबरात सगळे ठीकच दिसते.

ऑगस्टमध्ये प्राण्याची लांबी २१ सेंटिमीटर भरली. डावीकडच्या कल्ल्यांना पुन्हा धागे फुटले आहेत, उजव्यांपेक्षा थोडे आखूड आणि फिकट. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट २० च्या आत, आठवड्याला तीस लिटर पाण्याची बदल, खाणे आठवड्यातून तीनदा. चिलरच्या बाजूला भिंतीवर एक कागद चिकटवला आहे: जानेवारीतली गड्ड्याची यात्रा उठली की जाळी, पंप आणि नळ्या तपासायच्या, आणि पाणी पहिल्यांदा २० ला टेकेल त्या दिवशी चिलर सुरू करायचा, तारीख कुठलीही असो.